जुना थिंकपॅड टी४८०: प्रोग्रॅमरने घ्यावाच, पण टाइप-सी पोर्ट तपासून

लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० आला २०१८ मध्ये. कंपन्यांनी तो घाऊक घेतला, लीज संपली आणि आता तेच पीस मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला, बंगळुरूत एसपी रोडला आणि ऑनलाइन रिफर्बिश्ड दुकानांत विकायला आहेत. आय५, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी असा पीस साधारण वीस हजारांच्या आगेमागे सांगतात. पहिल्या नोकरीतल्या किंवा अजून शिकत असलेल्या प्रोग्रॅमरसाठी या पैशात याहून चांगलं मशीन नाही, असं माझं ठाम मत आहे. पण पीस पारखून घेतला नाही तर तेच पैसे पाण्यात जातात.

टी४८०च का? आधीच्या टी४७०मध्ये दोनच कोअर होते. इथे आठव्या पिढीचा इंटेल, म्हणजे चार कोअर आणि आठ थ्रेड. विंडोज ११ जिथून चालतं ती इंटेलची पिढीही हीच. नंतरच्या टी४९०मध्ये रॅमचा एक भाग बोर्डावर सोल्डर झाला आणि मागची काढता येणारी बॅटरी गेली. टी४८०एस दिसायला सडपातळ, पण त्यातही रॅमचा एकच स्लॉट मोकळा. टी४८०मध्ये रॅमचे दोन्ही स्लॉट उघडे आहेत. कंपनी ३२ जीबीपर्यंत म्हणते, प्रत्यक्षात ३२-३२च्या दोन पट्ट्या लावून ६४ जीबीही चालते. डॉकर, डेटाबेस, अँड्रॉइड एम्युलेटर आणि ब्राउझरचे चाळीस टॅब एका वेळी उघडे ठेवायचे तर रॅमच लागते. १६ घेत असाल तर ८-८च्या दोन पट्ट्या घ्या. एकच पट्टी लावली की ग्राफिक्सला मेमरीचा निम्मा वेग मिळतो आणि मोठ्या मॉनिटरवर ते जाणवतं.

आय७साठी जादा पैसे मोजू नका. कोअर तेवढेच, १५ वॉटची मर्यादा तीच, कूलिंगही तेच. थोडा वेळ जास्त वेगाने पळतो आणि गरम होऊन खाली येतो. आय५-८२५०यू किंवा ८३५०यू पुरे.

आता टाइप-सी. या मॉडेलला जुना पिनवाला चार्जर लागत नाही. डाव्या बाजूला दोन टाइप-सी पोर्ट आहेत आणि चार्जिंग त्यांतूनच होतं. त्यांपैकी विजेचं चिन्ह असलेला पोर्ट थंडरबोल्ट ३चा, म्हणजे डेटा आणि मॉनिटरसाठीचा वेगवान पोर्ट. या थंडरबोल्ट कंट्रोलरच्या (पोर्ट चालवणाऱ्या चिपच्या) जुन्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, गंभीर चूक होती: कंट्रोलर स्वतःच्या छोट्या फ्लॅश चिपवर सतत काहीतरी लिहीत राहायचा, आणि काही काळाने ती चिप दगा द्यायची. मग टाइप-सीवरून चार्जिंग बंद, डॉक (एका केबलने मॉनिटर-कीबोर्ड जोडणारा डबा) दिसत नाही, एचडीएमआयवर चित्र येत नाही, मशीन सुरू व्हायलाही वेळ लावतं. लेनोव्होने यावर दुरुस्त फर्मवेअर दिलं. घरी आणल्यावर विंडोज पुसून लिनक्स टाकण्याआधी पहिलं काम हेच: सपोर्ट साइटवरून ते अपडेट करा. चिप आधीच गेली असेल तर मात्र अपडेटचा उपयोग नाही. लॅपटॉप उघडून ती सीएच३४१ए नावाच्या चिप लिहिणाऱ्या उपकरणाने पुन्हा लिहावी लागते, नाहीतर बोर्ड बदलावा लागतो, आणि बोर्डाच्या किमतीत जवळजवळ दुसरा पीस येतो.

म्हणून दुकानात चार्जर दोन्ही पोर्टांत आळीपाळीने लावा, हलकेच हलवा आणि चार्जिंग तुटतं का ते बघा. पोर्ट बोर्डावरच सोल्डर केलेले आहेत, ढिले झाले तर दुरुस्ती किचकट. थंडरबोल्टच्या पोर्टात टाइप-सी पेनड्राइव्ह लावून फाइल कॉपी करा, एचडीएमआयला मॉनिटर जोडा. पोर्ट रिकामा असताना डिव्हाइस मॅनेजरमध्ये थंडरबोल्ट कंट्रोलर दिसला नाही तर लगेच घाबरू नका, तो झोपलेला असतो. काहीतरी जोडूनच पारखा.

दुसरी तपासणी बायोसची, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगची. सुरू करताना एंटर, मग एफ१. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर पीस परत द्या. सीमॉस बॅटरी काढून तो पासवर्ड जात नाही. सिक्युरिटीत अ‍ॅब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस (मालकाला मशीन दुरून शोधू आणि बंद करू देणारी सोय) सक्रिय झालेलं दिसलं तरी तेच उत्तर. शिवाय विंडोज रीसेट करून वायफाय जोडायला सांगा. जुन्या कंपनीचं लॉगिन पान आलं, म्हणजे मशीन अजून त्यांच्या नोंदीत आहे.

बॅटऱ्या दोन: आतली २४ वॉट-अवरची आणि मागची काढता येणारी. मागचीचे तीन प्रकार आहेत, २४, ४८ आणि ७२. आधी मागची वापरली जाते, त्यामुळे ती संपली की लॅपटॉप बंद न करता काढून दुसरी लावता येते. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे या एका सोयीसाठीसुद्धा हे मॉडेल घेण्यासारखं आहे. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता शेजारी दिसतात. सध्याची निम्म्यावर आली असेल तर किंमत पाडून मागा. डुप्लिकेट बॅटरीच्या स्टिकरवर ७२ लिहिलेलं असतं, रिपोर्ट वेगळाच आकडा दाखवतो. दिवसभर चार्जरवरच काम असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा: विंडोजवर लेनोव्होच्या व्हँटेज अॅपमधून, लिनक्सवर टीएलपी नावाच्या प्रोग्रॅममधून.

स्क्रीन ही या लॅपटॉपची खरी कमजोरी. १३६६ बाय ७६८चा पीस स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. फुल एचडीसुद्धा २५० निट्सची (निट्स म्हणजे उजेडाचं माप), रंग फिके. दिवसभर कोड वाचणाऱ्याचे डोळे दुखायला लावील अशी. पण पॅनेल बदलता येतं: ३० पिनचं, टच नसलेलं, ४०० निट्सचं लो-पॉवर पॅनेल शोधा, केबल तीच चालते.

लॅपटॉप उघडण्याआधी आतली बॅटरी बंद करा: बायोसमध्ये कॉन्फिग, मग पॉवर, मग डिसेबल बिल्ट-इन बॅटरी. मागची बॅटरी काढा. तळाचे स्क्रू सैल करा, ते निघून पडत नाहीत. कव्हर प्लास्टिकच्या पातळ पट्टीने सोडवा. स्क्रूड्रायव्हर घातला की क्लिपा तुटतात. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट बहुधा सुकलेली असते, ती बदला आणि पंख्यातली धूळ काढा. एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान प्रकारच्या, एसएसडीसाठी अडीच इंची ड्राइव्हच्या जागी बसणारा अ‍ॅडॉप्टर लागतो. त्याला पीसीआयईच्या दोनच लेन (डेटाच्या वाटा) मिळतात, म्हणजे वेग सेकंदाला साधारण दीड हजार एमबी. त्यामुळे महागडी एसएसडी घेऊन फायदा नाही.

लिनक्सवर मोठा प्रोजेक्ट बिल्ड करताना वेग अचानक पडला तर पेस्टला दोष देऊ नका. लिनक्सखाली हे मशीन ८० अंशांवरच स्वतःचा वेग आवरतं. थ्रॉटल्ड नावाची छोटी सर्व्हिस टाकली की ती मर्यादा वर जाते आणि बिल्डच्या वेळात फरक दिसतो.

कीबोर्डबद्दल तक्रारीला जागा नाही. की खोल दाबल्या जातात, लाल ट्रॅकपॉइंटमुळे हात मधल्या ओळीवरून हलत नाही. वेबकॅम ७२० पीचा आणि धुरकट. मीटिंगा जास्त असतील तर वेगळा घ्या. गेमिंग आणि मोठी एआय मॉडेल घरच्या घरी चालवणं यासाठी हा नव्हे. ४के मॉनिटर जोडायचा असेल तर एचडीएमआय १.४ आहे, ३० हर्ट्झवर माउसचा बाणही अडखळतो. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल घ्या, ६० हर्ट्झ मिळतात.