फ्लाइटरडार24: विमान अपघातानंतर हे ॲप उघडणाऱ्यांसाठी परीक्षण

9 जून 2025 ला सोलापूर–गोवा विमानसेवा सुरू झाली. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडून दोन वर्षं होत आली होती, आणि होटगी रोडच्या विमानतळावरून प्रवासी विमान उडताना बघायला शहर त्याच्या कितीतरी आधीपासून आसुसलं होतं. त्यानंतर तीनच दिवसांनी, 12 जूनला, अहमदाबादेत एअर इंडियाचं 171 क्रमांकाचं विमान कोसळलं. विमानातले 242 पैकी 241 आणि जमिनीवरचे 19, असे 260 जीव गेले. त्यात मूळचं सांगोला तालुक्यातलं एक दांपत्यही होतं. म्हणजे हा अपघात आपल्या जिल्ह्यासाठी लांबची बातमी नव्हती. अशा वेळी फ्लाइटरडार24 या, उडती विमानं थेट नकाशावर दाखवणाऱ्या ॲपचे स्क्रीनशॉट ग्रुपवर येऊ लागतात आणि प्रत्येकासोबत एक निदान चिकटलेलं असतं. ॲप चांगलं आहे. त्यातून काढलेली निदानं मात्र बहुतेक वेळा चुकीची ठरतात, म्हणून परीक्षणाचा मोठा भाग त्यावरच खर्च केला आहे.

आधी ते चालतं कसं ते. विमानातला ट्रान्सपॉन्डर 1090 मेगाहर्ट्झवर आपली जागा, उंची, वेग, दिशा आणि ओळख सतत प्रसारित करत असतो. जगभर लोकांनी घरांच्या गच्चीवर लावलेले हजारो रिसीव्हर ते पकडतात आणि या स्वीडिश कंपनीकडे पाठवतात. ही लहर सरळ रेषेत जाते. गच्चीवरचा अँटेना 10 मीटर उंच असेल तर 10,000 मीटरवरचं विमान सव्वाचारशे किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतं. तेच विमान जमिनीपासून 30 मीटरवर असेल तर हिशोबाने फार तर 35 किलोमीटर, आणि मध्ये इमारती-झाडं आली की तेवढंही नाही. म्हणजे विमान वर असताना नकाशा भरवशाचा आणि धावपट्टीच्या आसपास कच्चा. मोठे अपघात मात्र बऱ्याचदा धावपट्टीच्या आसपासच होतात.

171 चं उदाहरण सेकंदागणिक पाहण्यासारखं आहे. आपल्या अपघात तपास विभागाच्या प्राथमिक अहवालानुसार विमानाने 13:38:39 ला जमीन सोडली. तीनच सेकंदांनी ते सर्वोच्च वेगाला, 180 नॉटला पोचलं आणि लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून (इंधन चालू) 'कटऑफ'वर (इंधन बंद) गेले. पहिला स्विच 13:38:52 ला परत 'रन'वर आला, दुसरा 13:38:56 ला. 13:39:05 ला 'मेडे'चा, म्हणजे संकटाचा, पुकारा झाला आणि 13:39:11 ला रेकॉर्डिंग थांबलं. ॲपकडे आलेला शेवटचा सिग्नल 13:38:51 चा आहे. म्हणजे उड्डाणाच्या जेमतेम 32 सेकंदांपैकी पहिली 12 नकाशावर आहेत, उरलेली 20 नाहीत. तरीही रेषा जिथे संपली तिथेच विमान पडलं असं समजून त्या बिंदूवर बोट ठेवून अंतरं मोजली गेली. रेषेचं टोक म्हणजे शेवटचा सिग्नल, त्यापलीकडे काही नाही.

वेळेचा घोळ वेगळाच. डेटा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, असतो, आपली वेळ साडेपाच तास पुढे. 08:08 चा आकडा पाहून 'विमान सकाळी निघालं होतं' असं कोणी लिहिलं की तो मेसेज तिथेच थांबवा. सेटिंग्जमध्ये यूटीसी आणि स्थानिक वेळ असा पर्याय आहे. एकदाच ठरवून ठेवावा आणि स्क्रीनशॉट पाठवताना कोणती वेळ ते लिहावं.

'विमान अर्ध्या धावपट्टीवरूनच उडालं' ही अफवा तर थेट या नकाशातून जन्मली. विमान मधल्या टॅक्सीवेवरून (धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्यावरून) धावपट्टीवर आलं, उलट दिशेने टोकापर्यंत गेलं आणि वळून उड्डाणाला उभं राहिलं. अहमदाबादेत जमिनीलगतचे सिग्नल नीट पकडले गेले नव्हते, त्यामुळे टोकापर्यंत जाऊन येण्याचा तुकडा नकाशावर उमटलाच नाही. पाहणाऱ्याला वाटलं, विमान मधूनच सुटलं. कंपनीने नंतर एकेका रिसीव्हरचा कच्चा डेटा पुन्हा तपासला आणि साडेतीन किलोमीटरची पूर्ण धावपट्टी वापरल्याचं जाहीर केलं. हे तिने उघडपणे केलं याचे गुण द्यायलाच हवेत. पण पहिला स्क्रीनशॉट जितका फिरला तितकी दुरुस्ती फिरली नाही.

उंचीच्या आकड्यावर आणखी लक्ष द्या. 171 ची शेवटची नोंद 625 फूट. पुष्कळांनी ती जमिनीपासूनची उंची धरली. ॲपमधली उंची समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबावर, 1013 हेक्टोपास्कलवर बेतलेली असते. अहमदाबादचा विमानतळच जवळपास 200 फुटांवर आहे, तेवढे आधी वजा करा. शिवाय त्या दिवशीचा दाब प्रमाणापेक्षा जितका कमी, तितकी उंची ॲपमध्ये वाढून दिसते: दर हेक्टोपास्कलमागे 27 ते 30 फूट. जूनच्या तोंडाला आपल्याकडे दाब उतरलेलाच असतो. सोलापूरचा विमानतळ साधारण 1,600 फुटांवर आहे. गोव्याचं विमान धावपट्टीवर असताना ॲप शून्य दाखवतं, कारण जमिनीवरच्या संदेशात उंची नसते, आणि चाकं सुटली की आकडा एकदम सोळाशेच्या पुढे उडी मारतो. ही उडी पाहून घाबरायचं काही कारण नाही. दाब 1003 असेल तर त्यात आणखी पावणेतीनशे फूट मिळवा.

आता या ॲपमध्ये काय नसतं ते. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, उड्डाणाला उचल देणाऱ्या झडपा) किती अंशांवर होते, चाकं वर घेतली की नाही, इंजिनाचा जोर किती, इंधन कुठे अडलं, पायलट काय बोलले, यातलं काहीही नाही. फ्लॅप लावलेच नव्हते, किंवा चाकांऐवजी चुकून फ्लॅपच वर घेतले, हे तर्क दिवसेंदिवस रंगले. अहवालात फ्लॅपचा दांडा 5 अंशांवर आणि चाकांचा दांडा खालीच सापडल्याची नोंद आहे. पक्ष्यांचा थवाही उड्डाणमार्गात लक्षणीय नव्हता. स्विच का हलले याचं उत्तर त्या अहवालात नाही, आणि ते नकाशाच्या रेषेवरून काढून कोणा मृत माणसाच्या नावावर टाकणं फार वाईट आहे. त्यांचीही घरं आहेत, त्यांच्या घरच्यांच्या हातातही मोबाइल आहेत.

अपघातानंतरचे काही आठवडे 7700 च्या सूचनाही फिरतात. 7700 हा आणीबाणीचा सर्वसाधारण कोड. प्रवाशाच्या छातीत दुखलं तरी तो लावला जाऊ शकतो आणि अशी बहुतेक विमानं सुखरूप उतरतात. 7600 म्हणजे रेडिओ बंद, 7500 म्हणजे अपहरण. कोड दिसला तर विमान उतरेपर्यंत पाहा, मग काय पाठवायचं ते ठरवा. अमृतसर-जम्मूच्या बाजूला विमान नकाशावर अचानक भलतीकडे उडी मारताना दिसलं तर तो बहुधा जीपीएसमधला व्यत्यय असतो.

रोजच्या वापरासाठी मात्र ॲप बिनधास्त घ्या. पंढरपूर किंवा अक्कलकोटहून कोणाला आणायला निघायचं असेल तर आधी विमान गोव्याहून उडालं का ते पाहता येतं. सर्चमध्ये विमानतळाचा कोड एसएसई टाका, येणाऱ्या विमानांची यादी उघडा, विमानावर टिचकी मारा. फ्लाय91 या कंपनीचं एटीआर 72 विमान तीनशे किलोमीटरचं अंतर तासाभरात कापतं. उतरण्याच्या आधी चिन्ह अडकलं किंवा नाहीसं झालं तर घाबरू नका, खालच्या उंचीवर सिग्नल तुटतो. मध्ये डेटा मिळेनासा झाला की ॲप काही काळ विमान अंदाजानेच पुढे सरकवतं, हेही ध्यानात ठेवा.

शहरात रिसीव्हर जितके जास्त तितका हा तुटका भाग कमी. कंपनी गरजेच्या ठिकाणी रिसीव्हर मोफत देते, अर्ज करावा लागतो. नाहीतर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि रेडिओ सिग्नल पकडणारा यूएसबी एसडीआर डोंगल यांवर काम भागतं. डेटा देणाऱ्याला ॲपचा बिझनेस हा सशुल्क प्लॅन फुकट. अँटेनाची उभी काडी 69 मिलिमीटर, पाण्याच्या टाकीपेक्षा उंच. आरजी-58 सारखी पातळ केबल 10 मीटर ओढली तर तीन चतुर्थांश सिग्नल केबलमध्येच जिरतो; जाड आणि आखूड केबल घ्या. आणि रास्पबेरी पाय पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. सोलापूरच्या मे महिन्यात तो तापून मंदावतो आणि नेमका दुपारच्या विमानाला डेटा तुटतो.

पैशाचं म्हणाल तर फुकट खात्यात 7 दिवसांचा इतिहास मिळतो, सिल्व्हर या सशुल्क प्लॅनमध्ये 90 दिवसांचा, त्यावरच्या गोल्डमध्ये 365. घरच्यांच्या विमानासाठी फुकटचं पुरे, जाहिराती सोसाव्या लागतात एवढंच. केवळ अपघाताचा शोध घ्यायला गोल्ड घेऊ नका. मोठ्या अपघातानंतर कंपनी त्या विमानाचा डेटा स्वतःच जाहीर करते आणि तो ॲपमधल्या रेषेपेक्षा बारीक असतो. विमान शोधायला पाचपैकी साडेचार. अपघाताचं कारण शोधायला गुण देता येत नाहीत, ते काम या ॲपचं नाही. त्यासाठी तपास विभागाचा अहवाल त्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवून घ्या. ग्रुपवर आलेली पीडीएफ नको, 171 च्या वेळी बनावट 'प्राथमिक अहवाल'ही फिरला होता. खरा 12 जुलैला आला, आंतरराष्ट्रीय नियमातल्या 30 दिवसांच्या मुदतीत.