एकच जागा की काठाने पायपीट? बदलत्या नदीवरचे पूल टिपताना

शहरातल्या नदीवरचे पूल, काठाच्या भिंती, नवी बांधकामं यांचे फोटो सातत्याने काढायचे तर दोन रस्ते आहेत. एक जागा पक्की करून तिथे पुन्हा पुन्हा जायचं, नाहीतर कॅमेरा गळ्यात अडकवून काठाने चालत सुटायचं. वेळ मोजका असेल तर एकच निवडा.

ठरलेल्या जागेवरून काढलेला सुटा फोटो बहुतेकदा रटाळच असतो. पण आधी भराव, मग पाया, खांब, शेवटी गर्डर (खांबांवर टेकणाऱ्या आडव्या तुळया) असे फोटो ओळीने लावले की नदीचं पात्र कुठे आवळलं गेलं ते स्पष्ट दिसतं. अमेरिकेत छायाचित्रकार मार्क क्लेट आणि सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ दरम्यान हेच केलं: एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणाच्या फोटोंच्या जागा हुडकून तिथूनच पुन्हा फोटो काढले. इथे जागेची अचूकता महत्त्वाची, कारण जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींपुढे कशा दिसणार हे कॅमेरा कुठे उभा आहे यावरच ठरतं. लेन्स बदलून किंवा क्रॉप करून ती चूक निघत नाही. जीपीएस काही मीटर इकडेतिकडे करतं, त्यावर विसंबू नका. घाटाच्या पायरीचा कोपरा आणि पलीकडच्या इमारतीची कड एका रेषेत आणा. वेगळ्या दिशेला अशी आणखी एक जोडी सापडली की जागा पक्की झाली. कॅमेरा मात्र सपाट धरा, वर कलला की खांब आत झुकतात.

धोका एकच, पण मोठा: समोर पत्रे ठोकले की खेळ खलास. म्हणून सुरुवातीलाच दोन-तीन जागा धरून ठेवा. त्यातली निदान एक तरी पुलाबाहेरची असू द्या, कारण पुलावरून ट्रक गेला की ट्रायपॉडही थरथरतो.

चालणाऱ्याला जे मिळतं ते मात्र एका जागेवरून दिसत नाही. खांबावर पुराने सोडलेली गाळाची रेघ, गर्डरखालचं बेअरिंग (गर्डर आणि खांब यांच्यामधला आधार), जुन्या दगडी खांबाची प्रवाहाकडची टोकदार बाजू, नाल्याचं तोंड. अडचण अशी की दिवसअखेर फोटो ढीगभर आणि त्यांना सांधणारं काही नाही. त्यावर शिस्त हाच उपाय. बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार जोडप्याने १९५९पासून औद्योगिक बांधकामं टिपली ती ढगाळ उजेडात, कृष्णधवल, जवळपास एकाच पद्धतीने. म्हणून ती शेजारी-शेजारी ठेवता येतात. तुम्हीही लेन्सची एकच फोकल लेंथ (दृश्य किती रुंद टिपलं जाणार ते ठरवणारा आकडा) धरा, ३५ मिमी पुरते.

दहा स्टॉपची एनडी फिल्टर (लेन्सपुढची, उजेड कमी करणारी गडद काच; दर स्टॉपला उजेड निम्मा) दोन्हीकडे टाळा. १/३० सेकंदाचं एक्सपोजर तिने ३० सेकंदांच्या पुढे जातं, पाणी रेशमी होतं, आणि काम करणारी माणसंच फोटोतून पुसली जातात.

काम चालू असेल आणि ती जागा तुमच्या रोजच्या वाटेवर असेल, तर मी डोळे झाकून पहिला रस्ता सांगेन. काम संपलेलं असेल, किंवा तिथे वर्षातून दोनदाच जाणं होणार असेल, तर चालाच. एकदा पाणी भरलेलं असताना, एकदा उतरल्यावर.