आठ जीबीची रॅम चार जीबी होऊन परत आली

गिरगावात आमच्या चाळीत मी घरूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, दुकानांची बिलबुकं. तुळशीची लग्नं लागली की माझा फोन थांबत नाही, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर आचके द्यायला लागला. पीडीएफ जोडायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आदल्या आठवड्यात टाकलं होतं, त्यातूनच घाण शिरली. काहीही चालू नसताना पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. मशीनवर काय काय चालू आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की लगेच शांत, बंद केला की पुन्हा सुरू. आपल्या मशीनवर चोरून क्रिप्टो मायनिंग करणारे, म्हणजे बिटकॉइनसारखं डिजिटल चलन कमावणारे काही व्हायरस असेच टास्क मॅनेजर दिसला की दबा धरून बसतात, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे मशीन धडधाकट होतं.

नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं. "ताई, व्हायरसने हार्डडिस्क खाल्लीय. दुकानात न्यावं लागेल." पत्रिका अडकल्या होत्या, मी सीपीयू उचलून दिला. दोन दिवसांनी लावून गेला. हार्डडिस्कच्या जागी नवी एसएसडी ३,२००, ओरिजिनल विंडोज १,५००, व्हायरस काढायचे ८००, सर्व्हिस ५००. सहा हजार यूपीआयने दिले. बिल मागितलं तर म्हणे, "बिल हवं तर वर १८ टक्के जीएसटी लागेल." तिथे मी गप्प बसायला नको होतं.

चार दिवस बरे गेले आणि पंखा पुन्हा ओरडायला लागला. रविवारी भाचा आला. "मावशी, तुझी रॅम ८ जीबी होती ना?" स्क्रीनवर ४ दिसत होती. त्याने कॅबिनेट उघडलं. आत सगळीकडे काळी धूळ आणि मधोमध एकच खाच स्वच्छ, दोन्ही टोकांच्या क्लिपा उघड्या. चार-चारच्या दोन पट्ट्यांपैकी एक तिथून उपटली होती. मग 'नव्या' एसएसडीची माहिती क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघितली. वापराचे तास ११,२०० च्या वर. दिवसरात्र चालू ठेवली तरी सव्वा वर्षाहून जास्त!

विंडोजचं तर फारच वाईट. २०१९ साली कंपनीचा डेस्कटॉप घेतला तेव्हा विंडोज त्यातच होतं. अशा मशीनच्या विंडोजची परवान्याची किल्ली मदरबोर्डमध्ये असते, तीच आवृत्ती पुन्हा टाकली की नेट जोडल्यावर आपोआप चालू होते. ती सोडून याने परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा चोरीचा अ‍ॅक्टिव्हेटर मारला आणि तो पकडला जाऊ नये म्हणून विंडोज डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला, अख्खा सी ड्राइव्ह तपासण्यातून वगळायला सांगून ठेवलं. दाराला कुलूप लावायचं सोडून त्याने दारच काढून नेलं होतं.

पैशांपेक्षा मला त्या जुन्या हार्डडिस्कचीच चिंता जास्त आहे. दुकानात गेले तर म्हणाला, "ती बाद झाली, भंगारात दिली." रॅमबद्दल, "आधीपासून चारच होती." माझ्याकडे मशीनचं जुनं बिल आहे, त्यावर ८ जीबी लिहिलंय. पण त्या डिस्कवर घरातल्या सगळ्यांची आधार-पॅनची स्कॅन होती, गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन नंबर होते. नुसती झटपट फॉरमॅट मारली तर त्यातून पुष्कळ काही परत काढता येतं. झोप लागत नाही याने.

भाच्याने माझ्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, स्वतःच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा पेनड्राइव्ह बनवला आणि सगळं पुसून नव्याने टाकलं. एक पैसा लागला नाही. फायली परत टाकण्याआधी तपासल्या. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मी त्याच रात्री मोबाईलवरून बदलले, कॉम्प्युटरवरून नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, सोबत यूपीआयची नोंद आणि जुनं बिल. उत्तराची वाट बघतेय.

काल शेजारचे काका हँग होणारा लॅपटॉप घेऊन त्याच दुकानाकडे निघाले होते. मी जिन्यातच अडवलं. त्यांना बसवून रॅम किती, डिस्क कुठली, सिरियल नंबर काय, सगळ्याचे फोटो काढले आणि सांगितलं, "काका, उघडायचा तर तुमच्यासमोर उघडू दे. आणि जो भाग काढेल तो, जळलेला का असेना, परत मागून घ्या."