चौदा महिने फायबर लेसर: अंबडच्या जॉबवर्क शॉपमध्ये पैसा घालावा का?

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. सिन्नरला त्याच्या ओळखीतले एक जण शीट मेटल फॅब्रिकेशनचं युनिट चालवतात. त्यांना फायबर लेसर (किरणाने पत्रा कापणारं मशीन) घ्यायचाय आणि त्यासाठी भागीदार हवाय. "ताई, तुमच्याकडे वर्षभर चाललाय ना लेसर? पंधरा लाख टाकू का?" वीस मिनिटं बोलूनही निम्मं सांगायचं राहिलं. त्याच्यासाठी आणि अशाच विचारात असलेल्या इतरांसाठी सगळं नीट लिहून काढते आहे.

आमचं शॉप नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे. सासऱ्यांनी १९९४ साली एक शिअरिंग (पत्रा सरळ कातरायचं) मशीन आणि एक पॉवर प्रेस घेऊन ते सुरू केलं. आता शॉपफ्लोअर माझे दीर बघतात. बँक, बिलं, जीएसटी आणि वसुली माझ्याकडे. ड्रॉइंग पार्टीचं, म्हणजे ग्राहकाचं, बऱ्याचदा पत्राही पार्टीचाच; आम्ही कापून, वाकवून, वेल्ड करून द्यायचं. इलेक्ट्रिकल पॅनलची कव्हरं, माउंटिंग प्लेटा, गाड्यांच्या पुरवठादारांसाठी ब्रॅकेट. आमच्या नावाने बाजारात विकली जाणारी एकही वस्तू नाही. म्हणजे अशा शॉपमध्ये पैसा घालणारा माणूस खरं तर दुसऱ्याच्या मालाच्या मागणीवर पैसे लावत असतो. हे आधी मनात पक्कं करून मगच पुढचं वाचा.

मशीन ३ किलोवॅटचं, बेड दीड मीटर बाय तीन मीटर. नोव्हेंबर २०२४ मध्ये बसलं. किंमत ३४ लाख आणि वर १८ टक्के जीएसटी. बँकेने ७५ टक्के दिले, पाच वर्षांसाठी; हप्ता सुमारे ५४ हजार. पण मशीनच्या बिलात नसलेला खर्च बघा: सर्व्हो स्टॅबिलायझर, स्वतंत्र अर्थिंग, मोठा कॉम्प्रेसर, एअर ड्रायर, टाकी, फाउंडेशन, क्रेनचं भाडं. हे सगळं मिळून आणखी सहा लाख गेले, आणि ते घरातून घालावे लागले. जीएसटीचे सहा लाख बारा हजार क्रेडिट म्हणून मिळतात हे खरं, पण ते एकदम हातात येत नाहीत. आमच्या विक्रीवरच्या करातून ते वळते व्हायला नऊ महिने लागले. तेवढे दिवस ती रक्कम अडकलेली होती, आणि माझ्या मूळ हिशेबात तो रकाना नव्हताच.

आणखी एक गोष्ट सीएंनी सांगितली, पण मशीन बसून गेल्यावर. यंत्रसामग्रीवर आयकरात १५ टक्के घसारा मिळतो. त्या आर्थिक वर्षात मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल तर निम्माच. आमचं नोव्हेंबरमध्ये चालू झालं, म्हणून पहिल्या वर्षी साडेसात टक्केच मिळाला. उरलेली वजावट बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळत राहते, पण पहिल्या वर्षी, जेव्हा पैशाची खरी ओढ असते, तेव्हा कर जास्त भरावा लागला.

आता मशीनबद्दल. कापतं उत्तम. आधी आम्ही बाहेरून जुन्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेसरवर काम करून घ्यायचो. तिथे तांबं-पितळ कोणी हातात घेत नसे, कारण त्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन आणि हे धातू तो परतवून लावतात. फायबरची साधारण १.०७ मायक्रॉन, त्यामुळे तांब्याच्या पट्ट्यासुद्धा आम्ही घरात कापतो. विजेचं बिलही मला भीती होती तेवढं वाढलं नाही. नेस्टिंगचा (एका पत्र्यात नग दाटीवाटीने बसवण्याचा) फायदा तर वजनकाट्यावर दिसतो. १२५० बाय २५०० चा २ एमएमचा पत्रा ४९ किलोचा. शिअरिंगवर त्यातला ७० टक्के माल वापरात यायचा, आता ८० च्या वर जातो. एका पत्र्यामागे पाच किलो वाचले म्हणजे विथ मटेरियल (पत्रा आपणच घालायचा अशा) ऑर्डरमध्ये ते सरळ आपले.

पण रोज कटिंगचे किती तास भरतात, यावर सगळा खेळ आहे. मशीनच्या स्क्रीनवर बीम (कापणारा किरण) चालू असल्याचा वेळ दिसतो. मी पहिल्या दिवसापासून तो आकडा संध्याकाळी वहीत उतरवते. आमचा महिन्याचा ठरलेला खर्च असा: हप्ता ५४ हजार, ऑपरेटर आणि हेल्पर ४५ हजार, जागेच्या भाड्यातला लेसरचा वाटा १८ हजार, विमा-देखभाल वगैरे १३ हजार. एकूण एक लाख तीस हजार. वीज, गॅस, नोझल, काचा मिळून तासाला सुमारे चारशे जातात. आम्हाला कटिंगच्या तासाला सरासरी सतराशे मिळतात. हातात राहिले तेराशे. म्हणजे महिन्याला शंभर तास, पंचवीस दिवस धरले तर रोज चार तास बीम चालला की आम्ही ना नफा ना तोटा. ऐकायला चार तास किरकोळ वाटतात. पण पत्रा चढवणं, उतरवणं, प्रोग्रॅम बदलणं, स्लॅटवरची (पत्रा टेकतो त्या पट्ट्यांवरची) मळी फोडणं, पार्टीच्या माणसाने ड्रॉइंग बदलून पाठवणं, यात शिफ्ट कधी संपते कळत नाही. पहिले तीन महिने वहीत रोजची सरासरी सव्वादोन तास होती. पाचवर यायला आम्हाला दहा महिने लागले. पहिल्या सहा महिन्यांचे हप्ते जुन्या प्रेसच्या कामातून गेले. ते काम नसतं तर बँकेचा फोन आला असता.

नाशिकचा पावसाळा या मशीनला सोसत नाही, हे कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. जुलैत एका रात्री साडेनऊला ऑपरेटरचा फोन आला, "वहिनी, कट सुटत नाहीये." मी आणि भाऊजी गेलो. त्याने कटिंग हेडमधलं काचेचं कार्ट्रिज बाहेर काढलं आणि प्रोटेक्शन ग्लास कागदावर ठेवून मोबाइलच्या उजेडात दाखवली. मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका. नवी काच लावली, अर्ध्या तासात तिच्यावरही तसाच ठिपका. तीन काचा गेल्यावर भाऊजींनी कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक उघडला, तर पाण्याची धार लागली. पातळ पत्रा आम्ही हवेवर, म्हणजे किरणासोबत कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत सोडून, कापत होतो. दमट हवेतलं पाणी आणि कॉम्प्रेसरच्या तेलाचा अंश ड्रायर झेपवू शकत नव्हता, आणि ते थेट काचेवर येऊन जळत होतं. तेव्हापासून शिफ्टला दोनदा टाकीचा ड्रेन उघडायचा, फिल्टर वेळेवर बदलायचे आणि लेसर सोर्सच्या कॅबिनेटचा एसी बंद ठेवायचा नाही, असा नियम केला. काच दोन-पाचशेची असते, पण तिच्यामागची लेन्स गेली तर खर्च आणि खोळंबा दोन्ही मोठे.

दुसरा धडा गॅसचा. लोखंड ऑक्सिजनवर कापलं की कडेला ऑक्साइडचा काळसर थर राहतो. आमच्या ३ एमएमच्या ब्रॅकेटची एक लॉट अंबडच्याच एक्स्लो पॉइंटजवळ पावडर कोटिंगला गेली आणि कडांवरून पापुद्रे निघून परत आली. सगळे नग हाताने बफ करावे लागले. त्या ऑर्डरमध्ये काहीच सुटलं नाही. आता कोटिंगला जाणारा पातळ माल हवेवर किंवा नायट्रोजनवर कापतो, जाड मालाच्या दरात बफिंग धरतो. स्टेनलेसला नायट्रोजनशिवाय स्वच्छ कड येत नाही, आणि त्याचा खप एवढा की साधा सात घनमीटरचा सिलिंडर अर्धा तासही पुरत नाही. स्टेनलेसचा दर देताना गॅस वेगळा मोजा. बाजारात कोणी स्वस्त देतो म्हणून त्याच्या मागे जाऊ नका.

ज्याची कल्पनाच नव्हती ते असं की लेसर आल्यावर आमचा अडथळा पुढे सरकला. पूर्वी कटिंगसाठी सगळे थांबायचे. आता कापलेले नग प्रेस ब्रेकमागे (पत्रा वाकवायच्या मशीनमागे) ढीग लावून पडलेले असतात, कारण आमचा प्रेस ब्रेक जुना, बॅकगेज (वाकवायचं माप ठरवणारा आडवा टेकू) हाताने लावायचा, आणि प्रत्येक नवीन ड्रॉइंगला पहिला नग बरोबर येईपर्यंत दोन-तीन वाया जातात. मागच्या मार्चमध्ये जायला-यायला वाट उरली नव्हती एवढे ढीग होते. आणि नुसत्या कटिंगला आता भाव राहिलेला नाही. आमच्याच भागात एकामागून एक लेसर बसले, मीटरमागचा दर पाडून काम घेणारे वाढले. आम्हाला सोडून गेलेल्या दोन्ही पार्ट्या फक्त कटिंग करून घेणाऱ्या होत्या. ज्यांचं कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, कोटिंग करून डबा तयार आम्ही देतो, त्यातली एकही गेली नाही. त्यांचे फिक्स्चर (नग जागेवर धरायचे साचे) आमच्याकडे आहेत, पहिल्या नगाची मंजुरी आमच्या नावावर आहे. त्यांना हलणं सोपं नाही. या धंद्याचं भविष्य विचाराल तर ते माझ्या मते याच कामात आहे.

वसुलीबद्दल लिहिताना अजून जीव वर-खाली होतो. एका पार्टीकडे तीन लाख चाळीस हजारांचं बिल ११० दिवस अडकलं. आम्ही पार्टीच्या पत्र्यावर काम केलं होतं, माल त्यांच्याकडे पोचून गाड्यांवर बसलासुद्धा होता. पैसे आले नाहीत तरी त्या बिलाचा जीएसटी आम्हाला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागला. सप्टेंबर २०२५ पासून आमच्या जॉबवर्कचा दर १२ वरून १८ टक्के झाला आहे, म्हणजे उशिराची झळ आणखी वाढली. कायदा आपल्या बाजूने आहे: २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि १ एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत न देणाऱ्याला त्या वर्षी त्या खर्चाची आयकर वजावट मिळत नाही. याचा उपयोग होतो, मार्च जवळ आला की फोन उचलले जातात. पण दुसऱ्या एका पार्टीने मला "बिलावर उद्यम नंबर टाकू नका" असं तोंडावर सांगितलं; हा नंबर म्हणजे आपण एमएसएमई असल्याची नोंद. मी टाकला. पुढच्या ऑर्डरी कमी झाल्या, तरीही टाकला. आता मोठ्या कंपनीचं काम घेताना ती ट्रेड्सवर (बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर) आहे का हे विचारते; २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. तिथे बिल वटवलं की थोडं व्याज जातं, पण पैसे चार-पाच दिवसांत येतात आणि पार्टीने पुढे बुडवलं तरी आपल्याकडे परत मागत नाहीत.

नाशिकमध्ये काम आहे का? आहे. स्विचगिअर आणि पॅनलच्या कंपन्या, सातपूरचा महिंद्रा, गोंदे-सिन्नरचे कारखाने, यांच्या भोवती शीट मेटलचं काम सतत फिरत असतं. पॅनलचं काम मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, कारण ते एका गाडीच्या मॉडेलवर अवलंबून नसतं. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातल्या तेजस विमानाच्या बातम्यांनी बरेच जण हुरळले आहेत. पण विमानाच्या कामाला लागणारी प्रमाणपत्रं, कच्च्या मालाचा माग, तपासणीचे कागद हे आमच्यासारख्या शॉपला वर्षादोन वर्षांत जमणारं नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी रेलिंग, बॅरिकेडची चौकशी सुरू आहे. ते काम जरूर घ्या, पण पाच वर्षांचा हप्ता त्याच्या जिवावर ठरवू नका, मेळा संपला की ते काम संपलं.

विथ मटेरियल ऑर्डरने उलाढाल फुगते, ती बघून भुलू नका. एक कोटीचं काम केलं त्यात साठ-सत्तर लाखांचा पत्रा असू शकतो, आणि तो रोखीने घेऊन दोन महिन्यांनी पैसे मिळतात. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने काही पोलादी मालाच्या आयातीवर १२ टक्के सेफगार्ड ड्युटी (देशी उद्योगाच्या संरक्षणासाठी जादा आयात शुल्क) लावली, तेव्हा जुन्या दराने दिलेल्या दोन कोटेशनांनी आमचा नफा खाल्ला. आता प्रत्येक कोटेशनवर "दर सात दिवस वैध" लिहिते. व्याजाच्या बाबतीत मात्र वर्ष चांगलं गेलं: २०२५ मध्ये रेपो (रिझर्व्ह बँकेचा व्याजदर) साडेसहावरून सव्वापाचवर आला आणि आमचं कर्ज त्याला जोडलेलं असल्याने मुदत आपोआप कमी होत गेली.

आज आमची वही पाच तास दाखवते. ठरलेला खर्च आणि हप्ता जाऊन महिन्याला साधारण साडेबत्तीस हजार उरतात. घरातून एकूण साडेचौदा लाख घातले होते. कर्जाची मुद्दल फिटते आहे तो वेगळा फायदा, पण महिन्याचे हे साडेबत्तीस हजार बघून कोणी नोकरी सोडून या धंद्यात येऊ नये. मशीनला मी पाचपैकी चार देईन, आणि शॉपमध्ये आधीपासून काम नसेल तर मशीन घेऊच नका असं सांगेन.

मावसभावाला मी त्या सिन्नरच्या गृहस्थांकडून तीन कागद मागायला सांगितलेत: मागच्या बारा महिन्यांच्या विक्रीत पहिल्या दोन पार्ट्यांचा वाटा किती, ९० दिवसांपुढची येणी किती, आणि विक्रीतला पत्रा वजा जाता उरलेली मजुरी किती. शिवाय शॉपवर जाऊन त्यांचा प्रेस ब्रेक बघून यायचं. एकाच पार्टीचा वाटा निम्म्याच्या वर असेल तर पंधरा लाख घालू नकोस, असं मी त्याला स्पष्ट सांगितलंय.

आम्ही सध्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) प्रेस ब्रेकची कोटेशनं मागवली आहेत, दोन आली, एक यायचं आहे. भाऊजींना आत्ताच ऑर्डर द्यायची घाई आहे, कारण मार्चचा ढीग पुन्हा लागणार. मी ऑगस्टमध्ये सही करणार म्हटलंय. तोवर त्या पैसे थकवलेल्या पार्टीचा शेवटचा चेक वठलेला असेल, आणि मशीन सप्टेंबरअखेर चालू झालं की या वेळी १८० दिवस पूर्ण भरतील.