नॉरफोकहून दक्षिणेला: आतली वाट की बाहेरचा समुद्र?

हिवाळ्याच्या तोंडावर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शिडाच्या बोटी फ्लोरिडाकडे निघतात. बऱ्याच बोटींवर नवरा-बायको दोघंच. व्हर्जिनियातल्या नॉरफोकला शून्य मैल धरून इंट्राकोस्टल वॉटरवे हा नद्या, खाड्या आणि कालव्यांचा जलमार्ग सुरू होतो. दुसरा पर्याय उघड्या अटलांटिकचा.

आतून गेलं की संध्याकाळी नांगर टाकून दोघांनाही झोप मिळते. जोडप्यासाठी हीच मोठी गोष्ट. पण शिडं बहुतेक वेळ गुंडाळलेली, दिवसभर इंजिनाची घरघर, आणि अरुंद वाटेत सुकाणू सोडायची सोय नाही. न उघडणारे पूल साधारण 65 फूट उंच, मायामीतला ज्युलिया टटल मात्र 56. डोलकाठी त्याहून उंच असेल तर तिथे बाहेर पडावंच लागतं. जॉर्जियात भरती-ओहोटीत 7 ते 9 फुटांचा फरक, वर गाळ. ओहोटीत बोट रुतली तर पाणी चढेपर्यंत चहा करत बसायचं.

बाहेरून रात्रंदिवस चालता येतं, अंतर भराभर कापलं जातं. पण एक जण जागा, तर दुसरा झोपलेला. दोघांची भेट पाळी बदलतानाच. हॅटरस भूशिरापाशी उत्तरेकडे वाहणाऱ्या गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाला उत्तरेचा वारा भिडला की लाटा उभ्याच राहतात.

माझं मत विचाराल तर हॅटरस आतून चुकवा, नॉर्थ कॅरोलायनातल्या बोफर्टला हवामान पाहून बाहेर पडा, आणि जॉर्जिया समुद्रातूनच मागे टाका. तिथल्या दलदलीतले डासही टळतील.