तंबू घेऊन सह्याद्रीत: चांदोली की दाजीपूर?

कोकण किनाऱ्यावरून गाडीत तंबू टाकून घाट चढणाऱ्या जोडप्यापुढे दोन चांगले पर्याय आहेत: 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले, सुमारे 317 चौरस किलोमीटरचे चांदोली आणि गव्यांसाठी ख्यात असलेले दाजीपूरचे राधानगरी अभयारण्य. चांदोलीची हद्द रत्नागिरी जिल्ह्याला भिडलेली असली, तरी पर्यटकांचा रस्ता पलीकडून, सांगली जिल्ह्यातल्या वारणावती गावाहून आहे. त्यामुळे आंबा घाट चढून मलकापूरमार्गे मोठा वळसा पडतो. दाजीपूर मात्र कणकवलीहून फोंडा घाट चढला की लगेच येते, आणि दोघांनीच आलटूनपालटून गाडी चालवायची असताना ही सोय फार मोलाची ठरते.

तंबू दोन्हीकडे जंगलात नव्हे, तर लगतच्या गावात, घरमालकाची परवानगी घेऊनच ठोकावा. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर, खुंट्या शिरत नाहीत, म्हणून दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात; शिवाय थंडीत पहाटेच्या दवाने तंबूचे वरचे कापड निथळते, तेव्हा किनाऱ्यावरची पातळ चादर पुरत नाही.

निर्मनुष्य, सलग अरण्याची ओढ असेल तर चांदोलीला तोड नाही. पहिल्याच प्रवासासाठी मात्र मी निःसंकोचपणे दाजीपूर सुचवेन.