लाईनची गाडी, जिल्ह्यातली गाडी की स्वतःची गाडी: लहान मुले घरी असताना ट्रक चालकाचे काम कोठून सुरू करावे

चालकाच्या कामासाठी नागपूरइतके सोयीचे शहर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि हाजिरा ते पारादीप हा महामार्ग ५३ येथे एकमेकांना मिळतात, मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आहे, आणि वाडी, कापसी, कळमना, बुटीबोरी या भागांत चांगल्या चालकाची विचारपूस सतत चालू असते. त्यामुळे काम मिळेल का, ही येथे मुख्य अडचण नाही. घरात बायको, दोन-तीन वर्षांचे मूल आणि कदाचित दुसरे पाळण्यात असताना पहिले काम कोणते धरावे, हे ठरवणे अधिक अवघड आहे. पर्याय मुख्यतः तीन आहेत: पगारावर लाईनची गाडी, म्हणजे राज्याबाहेरची लांब पल्ल्याची, पगारावर जिल्ह्यातली गाडी, किंवा कर्ज काढून स्वतःची गाडी.

आधी परवान्याचा वेळ हिशेबात धरावा. जड मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो, आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. आठवी पास असण्याची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. हे एक वर्ष रिकामे जात नाही. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून पिकअप किंवा लहान टेम्पोवर लगेच कामाला लागता येते, आणि पुढे जड वाहनाचा परवाना हाती आला की मालकाला दाखवायला अनुभवही असतो. हा अनुभव नसेल, तर परवाना असूनही मोठी गाडी कोणी सहसा हाती देत नाही. काही महिने क्लीनर म्हणून किंवा दुसरा चालक म्हणून काढावे लागतात, आणि त्या काळातल्या तुटपुंज्या पैशांवर दोन मुलांचे घर चालत नाही.

लाईनच्या गाडीचा पगार सर्वांत मोठा सांगितला जातो आणि नवख्याचा गोंधळ तेथेच होतो. पगार, ट्रिपमागे मिळणारा भत्ता आणि रस्त्यावरच्या खर्चासाठी मालकाने आगाऊ दिलेली खर्ची या तीन वेगळ्या रकमा आहेत. कामाला लागताना त्या एकाच आकड्यात मिसळून सांगितल्या गेल्या, तर त्या तेथल्या तेथे वेगळ्या करून विचाराव्यात. बुटीबोरीहून भिवंडीला निघालेली भरलेली गाडी उदाहरणादाखल घेऊ. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन वाहतूक-पावतीला, २०० किलोमीटरमागे एक दिवस या प्रमाणाने सुमारे चार दिवसांची मुदत मिळते आणि प्रत्यक्ष चालवणे दोन दिवसांत होते. पण गोदामासमोर गाडी खाली करण्यासाठी नंबर लावावा लागतो, मग परतीचा माल मिळेपर्यंत गाडी उभी राहते, आणि कधी नागपूरऐवजी इंदूरचा किंवा हैदराबादचा माल मिळून घर आणखी एक आठवडा लांब जाते. भत्ता ट्रिपमागे ठरला असेल, तर उभ्या गाडीच्या या दिवसांचे काहीच मिळत नाही. जेवण, चहा आणि आंघोळीचे पैसे मात्र रोज द्यावे लागतात. त्यातच खाली करताना सिमेंटची चार पोती फाटलेली किंवा कमी निघाली, तर ते शॉर्टेज परतल्यावर चालकाच्या हिशेबात लागते.

हिशेबाची रीत दिसावी म्हणून काही आकडे गृहीत धरू. लाईनवर पगार आणि भत्ता मिळून २४,००० रुपये ठरले, महिन्यातले २२ दिवस बाहेर गेले आणि स्वतःवर रोज ३०० रुपये खर्च झाले, तर घरी १७,४०० रुपये पोचतात. जिल्ह्यातल्या गाडीवर १८,००० रुपये ठरले आणि २६ दिवस रोज ८० रुपये चहापाणी व येण्याजाण्यात गेले, तर १५,९२० रुपये पोचतात. बोलीतला सहा हजारांचा फरक घराच्या उंबरठ्यावर दीड हजाराच्याही आत येतो. नवरा रोज रात्री घरी असेल आणि त्यामुळे बायकोला दिवसाचे काही तास काम करता येत असेल, तर तो फरक उलटाही होऊ शकतो.

अंगमेहनतीचीही तुलना करावी. समृद्धीवर जड वाहनाला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि रस्ता सरळ, एकसुरी आहे. पहाटे दोन ते पाच या वेळात डोळे उघडे असूनही लक्ष सुटते, आणि नव्या चालकाला आपण पेंगत आहोत हे कळतसुद्धा नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली होती. लाईनवर ती पाळली जाताना मी फारशी पाहिलेली नाही. केबिनचाही विचार व्हावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे, परंतु आधीच्या गाड्या अजून बरीच वर्षे धावतील. मे महिन्यातल्या विदर्भात इंजिनाशेजारी दुपार काढायची असेल, तर गाडी कोणत्या सालची आहे हे विचारण्यात संकोच नसावा.

जिल्ह्यातली गाडी हे सोपे काम आहे, असा मात्र समज करून घेऊ नये. उमरेड-सावनेर पट्ट्यातला कोळसा, कोराडी-खापरखेड्याची राख आणि बांधकामाची गिट्टी यांवर चालणाऱ्या टिप्परचे पैसे बहुधा खेपेमागे असतात, आणि एक खेप जास्त मारण्याच्या घाईतच अपघात होतात. खाली करताना मागच्या चाकांखालची जमीन एका बाजूने भुसभुशीत असली, की डाला, म्हणजे माल भरलेला मागचा भाग, पूर्ण वर गेल्यावर भरलेली गाडी आडवी होते. म्हणून प्रत्येक वेळी खाली उतरून जमीन पायाने दाबून पाहावी, मुकादम मागून कितीही ओरडला तरी. नदीपात्रातून रात्री निघणाऱ्या विनापरवाना रेतीच्या गाडीवर कितीही पैसे मिळोत, बसू नये. गाडी जप्त होते, गुन्हा चालकावरही दाखल होतो आणि ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा आहे. याउलट कळमना बाजारातून भाजी-फळे पोचवणारी किंवा हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांचा माल शहरातल्या गोदामांत नेणारी गाडी पैशाने थोडी उणी असते, पण लहान मुलांच्या बापाला तीच अधिक मानवते. कळमन्याचे काम पहाटे सुरू होते आणि बऱ्याचदा दुपारपर्यंत आटोपते. बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसीला बाप सोबत जाऊ शकतो. ही गोष्ट मी लहान मानत नाही.

स्वतःच्या गाडीबद्दल थोडक्यात. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनाला परमिट लागत नाही आणि मुद्रा योजनेतून १० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते, म्हणून छोटा हत्ती, म्हणजे लहान चारचाकी टेम्पो, घेण्याचा मोह होतो. पण हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो आणि भाडे तसे येत नाही. शिवाय विमा, फिटनेस आणि टायर यांचा खर्च एकदम पुढ्यात येतो. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला शिल्लक नसतील आणि बांधलेले गिऱ्हाईक नसेल, तर मूल लहान असताना हे धाडस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरी कोणतीही धरली, तरी पगार बँकेतच मागावा. कामावर असताना इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाईची जबाबदारी १९२३ पासून कायद्याने मालकावर आहे, परंतु नोकरीचा पुरावा नसेल तर घरच्यांना ती मिळवताना फार हाल सोसावे लागतात. वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा (अपघाताचा) आणि ४३६ रुपयांचा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा (आयुर्विमा), दोन्ही प्रत्येकी दोन लाखांचे, पहिल्या पगारातच काढून बायकोचे नाव वारस म्हणून लावावे.

माझा कौल असा की धाकटे मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत जिल्ह्यातली गाडी चालवावी आणि त्या काळात जड वाहनाचा परवाना व मोठ्या गाडीचा हात पक्का करावा. त्यानंतर लाईनवर जाण्यापूर्वी आणखी एक पर्याय तपासून पाहावा. खापरी आणि बोरखेडी येथील डेपोंतून पेट्रोल-डिझेलचे टँकर विदर्भातल्या पंपांवर जातात, आणि जवळच्या पंपाची गाडी त्याच दिवशी परत येते. त्यासाठी धोकादायक मालाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करावी लागते. ती तीन वर्षे चालते. टँकरवर शिस्त कडक असते आणि नवख्याला तेथे घेत नाहीत, म्हणून अपघाताविना काढलेल्या पहिल्या वर्षांचा उपयोग तेथे होतो. जुन्या मालकाकडून अनुभवाचे पत्र त्यासाठीच, काम सोडतानाच, लेखी घेऊन ठेवावे.